सरकी की गाठ? दीर्घिकासमूहांतल्या घट्ट बटू दीर्घिकांचा जन्म : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चैत्रापासून आखाजीपर्यंत (म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत), आणि पुढे ढग येईपर्यंत, आम्ही काही जण दुर्बीण घेऊन जळगाव, चोपडा, यावल, चाळीसगाव या भागातल्या गावांत आकाश दाखवायला जातो. त्या दिवसांत कन्या राशी रात्री डोक्यावर असते, आणि तिच्यातल्या दीर्घिका दाखवताना मी हा विषय हटकून काढतो, कारण मला तो मनापासून आवडतो. लोक त्यावर जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं अंधारात, रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा करून देताना, अर्धवट राहतात. ती इथे नीट लिहून ठेवली आहेत.

घट्ट बटू दीर्घिका म्हणजे नेमकं काय?

आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. तिचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षं आणि तिच्यात दहा हजार कोटींहून जास्त तारे. बटू दीर्घिका म्हणजे याहून पुष्कळ लहान. नेहमीची बटू दीर्घिका विरळ असते: काही हजार प्रकाशवर्षांत विखुरलेले तारे, मधून आरपार दिसावं इतकी फिकी.

आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या याच्या उलट. वीस लाखांपासून दहा कोटी सूर्यांइतकं, कधी त्याहून जास्त वस्तुमान. पण निम्मा प्रकाश मध्यापासून अवघ्या तीस ते तीनशे प्रकाशवर्षांच्या आत. इंग्रजीत त्यांना अल्ट्रा-कॉम्पॅक्ट ड्वार्फ म्हणतात, थोडक्यात यूसीडी. त्यांच्याहून मोठी, पण तशीच ठासून भरलेली भावंडंही आहेत. त्यांना घट्ट लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणता येईल. देवयानी दीर्घिकेच्या कुशीतली एम-३२ ही त्यातली सगळ्यात ओळखीची.

आता गोंधळ असा की गोलाकार तारकागुच्छ नावाची आणखी एक जात आहे. काही लाख म्हातारे तारे, आणि निम्मा प्रकाश दहाएक प्रकाशवर्षांत. म्हणजे यूसीडी तारकागुच्छापेक्षा मोठ्या आणि साध्या बटू दीर्घिकेपेक्षा कितीतरी लहान. त्या कोणाच्या घरातल्या, हाच मूळ प्रश्न आहे.

दीर्घिकासमूह म्हणजे?

शेकडो, कधी हजारो दीर्घिका एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या असतात, त्या कुळाला समूह म्हणायचं. सगळ्यात जवळचा मोठा समूह कन्या राशीत, सुमारे ५ कोटी ४० लाख प्रकाशवर्षांवर. दुसरा, लहान पण सुबक, दक्षिणेकडच्या फोर्नॅक्स तारकासमूहात, सहा कोटींहून थोडा पुढे. समूहांचेही समूह असतात. त्यातला सरस्वती नावाचा महासमूह पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जगापुढे मांडला. त्याचं नाव आमच्या शाळेतल्या मुलांना पाठ आहे, याचं मला फार बरं वाटतं.

इतक्या मोठ्या संख्येने असूनही या दीर्घिका १९९९-२००० पर्यंत कोणाला दिसल्या कशा नाहीत?

दिसत होत्या. पण सगळे त्यांना तारे समजत होते.

हिशेब करून बघा. शंभर प्रकाशवर्षं व्यासाची वस्तू सहा कोटी प्रकाशवर्षांवर ठेवली, तर ती आकाशात किती मोठी दिसेल? सरकीचा एक दाणा पाच किलोमीटरवर धरल्यावर दिसेल तेवढी. जमिनीवरच्या दुर्बिणीला वातावरणाच्या थरथरीतून यायचं असतं, आणि त्या थरथरीमुळे होणारा डागच त्या दाण्याच्या दोन-तीन पट मोठा असतो. त्यामुळे फोटोत ती आकाशगंगेतल्या कुठल्याही फिक्या ताऱ्यासारखीच बिंदू दिसते. दीर्घिकांचा अभ्यास करणारे आधी फोटोतले बिंदू वगळायचे आणि मग धूसर दिसेल तेवढ्याचाच वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला प्रकाश, घ्यायचे; वस्तू किती वेगाने दूर जाते ते त्यावरून कळतं. निवडीच्या पहिल्याच चाळणीत या बिचाऱ्या गळून पडायच्या.

ऑस्ट्रेलियातल्या ३.९ मीटरच्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीवर टूडीएफ नावाचं यंत्र बसवलं गेलं. त्यात एका वेळी चारशे वस्तूंचा प्रकाश चारशे काचतंतूंनी वेगवेगळा घेता यायचा. मायकेल ड्रिंकवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं की फोर्नॅक्स समूहाच्या दिशेचा प्रत्येक ठिपका घ्यायचा, तारा दिसो की दीर्घिका, आधी मत बनवायचं नाही. मायकेल हिल्कर यांच्या गटालाही त्याच सुमारास अशा वस्तू हाती लागल्या होत्या. वर्णपट आले तेव्हा 'तारे' समजलेल्यांपैकी पाच वस्तू सेकंदाला दीड हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने दूर जात होत्या. हा वेग फोर्नॅक्स समूहाचा. आकाशगंगेतला तारा असा पळत नाही. म्हणजे त्या पाची जणी समूहातच होत्या, आणि इतक्या लांबून ताऱ्यासारख्या टोकदार दिसत होत्या.

मला ही गोष्ट शोधापेक्षाही मोठी वाटते. यंत्र नवीन होतं हे खरं, पण कोणालाही न वगळण्याचा निर्णय माणसांनी घेतला होता.

त्यांचा जन्म कसा झाला?

दोन मतं आहेत. एक सरकीचं, एक गाठीचं. ही नावं शास्त्रज्ञांची नाहीत, आमच्याकडची आहेत, आणि त्यातलं पहिलं मला चोपडा तालुक्यातल्या एका आजींनी दिलं.

त्या ओट्यावर बसून वाती वळायला कापूस साफ करत होत्या. मी बाजूला दुर्बीण लावत होतो आणि पोरांना सांगत होतो की मोठी दीर्घिका लहान दीर्घिकेचे बाहेरचे तारे ओढून घेते आणि मधला गाभा तेवढा उरतो. आजींनी चिमटीत कापसाचा एक पुंजका धरला, दुसऱ्या हाताने तंतू ओढले, आणि उरलेला काळपट दाणा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाल्या, "हाई शे का तुन्ही दीर्घिका?" हो आजी, हीच. त्या दिवसापासून मी दुसरं उदाहरण दिलेलं नाही.

आता शास्त्र. बऱ्याच बटू दीर्घिकांच्या ऐन मध्यावर ताऱ्यांचा एक अतिशय दाट गाभा असतो. त्याला केंद्रीय तारकागुच्छ म्हणतात. अशी दीर्घिका समूहाच्या मध्यावरच्या राक्षसी दीर्घिकेच्या जवळून गेली की तिच्या जवळच्या बाजूला ओढ जास्त बसते आणि लांबच्या बाजूला कमी. चंद्रामुळे समुद्राला भरती येते त्याच कारणाने. या फरकाने ती दीर्घिका ताणली जाते. कडेचे तारे तिच्या स्वतःच्या गुरुत्वाने सैलच धरलेले असतात, ते आधी सुटतात. त्याहीआधी तिच्याभोवतीचं कृष्णद्रव्याचं, म्हणजे न दिसणाऱ्या पण गुरुत्वाने जाणवणाऱ्या पदार्थाचं, विरळ वेष्टन जातं. पण गाभा इतका दाट असतो की ही ओढ त्याला सोडवू शकत नाही. दीर्घिका लांबुळक्या कक्षेत फिरत पुन्हा पुन्हा मध्याजवळ येत राहते, दर फेरीला थोडं थोडं जातं, आणि शेकडो कोटी वर्षांनी गाभाच शिल्लक राहतो. कक्षा गोल असेल आणि मध्यापासून लांब राहत असेल, तर ती दीर्घिका पुष्कळ काळ शाबूत राहू शकते. सगळं कक्षेवर आहे.

केन्जी बेक्की आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये संगणकावर हे करून दाखवलं आणि त्याला नाव दिलं गॅलॅक्सी थ्रेशिंग, म्हणजे दीर्घिकेची मळणी. नाव छान आहे. तरी मला जिनिंगच, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणंच, जास्त पटतं. मळणीत कणसातून शेकडो दाणे सुटतात, इथे प्रत्येक दीर्घिकेमागे एकच दाणा उरतो, आणि जे सुटतं ते हलकं, पसरणारं असतं.

एका ठिकाणी मात्र उपमा तुटते, तेही सांगायला हवं. क्विंटलभर कापसाला रुईचा उतारा ३४-३५ किलोचा, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे वजन दाण्यात. दीर्घिकेत उलटं. गाभ्यात शंभरातला एखादा भाग, बाकी सगळं उडून जातं.

"मंग बाकीना तारा कथा ग्यात?"

मग बाकीचे तारे कुठे गेले? हाही त्याच आजींचा प्रश्न, आणि माझ्या मते या पानावरचा सगळ्यात चांगला.

नष्ट होत नाहीत. काही राक्षसी दीर्घिकेच्या बाहेरच्या विरळ भागात मिसळतात. काही कोणाचेच राहत नाहीत. दीर्घिकांच्या मधल्या मोकळ्या जागेत, समूहाच्या एकत्रित गुरुत्वात तरंगत राहतात. त्यांचा एक अतिशय फिका उजेड समूहभर पसरलेला असतो. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९५१ मध्ये कोमा समूहात असा उजेड असल्याचं नोंदवलं. जिनिंगच्या आवारात हंगामात हवेत तरंगणारी रुईची लव आठवा. उन्हाच्या तिरिपीत ती दिसते, एरवी नाही.

आणि गाठीचं मत काय?

की ही उरलेली वस्तू नाहीच, दाबून एकत्र आणलेली आहे. दोन वायूने भरलेल्या दीर्घिका धडकल्या की तारे बनण्याची लाट येते. एकाच भागात डझनावारी तारकागुच्छ शेजारी शेजारी जन्मतात आणि एकमेकांत मिसळून एक मोठा गोळा होतो. प्रेसमध्ये रुई दाबून गाठ बांधतात तसं. मायकेल फेलहाउअर आणि पावेल क्रूपा यांनी २००२ मध्ये हे मांडलं.

याला आधार आहे. एनजीसी ७२५२ ही दोन दीर्घिकांच्या टकरीतून झालेली दीर्घिका. तिच्यात डब्ल्यू-३ नावाचा तारकागुच्छ आहे: वय फक्त तीस ते पन्नास कोटी वर्षं, वजन सुमारे आठ कोटी सूर्यांइतकं, आकार यूसीडीच्या मापात. त्याला कोणी सोललेलं नाही, तेवढा वेळच झालेला नाही. तो तसाच जन्मला.

म्हणून 'खरं मत कुठलं' याचं उत्तर 'दोन्ही' असं आहे. भार एक कोटी सूर्यांच्या वर जातो तसतशी सरकीची शक्यता वाढते. खाली दोन्ही जातींची सरमिसळ आहे आणि बरेचसे नुसते आडदांड तारकागुच्छच असावेत. मी स्वतः सरकीच्या बाजूने झुकलेलो आहे, ते का हे पुढच्या उत्तरात येईल.

बाहेरून सारख्याच दिसत असतील तर सरकी कुठली आणि गाठ कुठली, हे ओळखायचं कसं?

आत बघून. मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रात महाकाय कृष्णविवर असतं. गाठ बांधून झालेल्या गोळ्यात ते असायचं काही कारण नाही. तेव्हा यूसीडीच्या पोटात मोठं कृष्णविवर सापडलं, तर ती एकेकाळी मोठ्या दीर्घिकेचं काळीज होती.

कन्या समूहातल्या एम-६० या दीर्घिकेजवळ एम-६०-यूसीडी-१ नावाची यूसीडी आहे. अनिल सेठ आणि सहकाऱ्यांनी हवाईतल्या आठ मीटरच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने तिच्याकडे पाहिलं. वातावरणाची थरथर आरसा क्षणाक्षणाला वाकवून दुरुस्त करणारी यंत्रणा तिथे होती, त्याशिवाय हे जमलं नसतं. त्यांनी मोजलं ते एवढंच: मध्याजवळचे तारे किती वेगाने इकडेतिकडे धावतात. कडेपेक्षा मध्यात वेग फारच चढत गेला, सेकंदाला शंभर किलोमीटरच्या वर. नुसत्या ताऱ्यांच्या वजनाने हे होत नाही. २०१४ मध्ये निष्कर्ष छापला गेला: मध्यावर २ कोटी १० लाख सूर्यांचं कृष्णविवर, आणि अख्ख्या यूसीडीचं वजन १४ कोटी सूर्य. म्हणजे पंधरा टक्के वजन एकट्या कृष्णविवराचं!

तुलना करा. आपल्या आकाशगंगेचं कृष्णविवर चाळीसेक लाख सूर्यांचं. तिच्या एका पिल्लाएवढ्या वस्तूत त्याच्या पाचपट. एवढं कृष्णविवर पोसायला मूळ दीर्घिका सुमारे हजार कोटी ताऱ्यांची असावी असा अंदाज आहे. पुढे एम-५९ जवळच्या आणि कन्या समूहातल्या आणखी काही यूसीडींत, तसंच फोर्नॅक्समधल्या एकीत अशीच कृष्णविवरं सापडली.

दुसरी खूण रसायनाची. मोठ्या दीर्घिकेत ताऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या होतात आणि हायड्रोजन-हेलियमपेक्षा जड मूलद्रव्यं साचत जातात. लहान दीर्घिकेत कमी साचतात. सोललेल्या गाभ्याचं वजन घटतं, पण ताऱ्यांच्या अंगातलं लोखंड-मॅग्नेशियम कुठे जाईल? म्हणून वजनाने लहान आणि रसायनाने श्रीमंत अशी दीर्घिका दिसली की ती मोठ्या घरातून आलेली समजावी.

अर्धवट सोललेली एखादी सापडली आहे का?

हा प्रश्न धुळ्याच्या एका अकरावीतल्या मुलीने विचारला होता, आणि त्या वर्षी माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. आता आहे.

२०२३ मध्ये काइश्यांग वांग, एरिक पेंग आणि सहकाऱ्यांनी कन्या समूहातल्या अशा १०६ दीर्घिका दाखवल्या, ज्या गाभा असलेली बटू दीर्घिका आणि उघडी यूसीडी यांच्या मधल्या आहेत. काहींच्या भोवती ताऱ्यांचं फिकं आवरण उरलेलं आहे, काहींना ओढल्या गेलेल्या ताऱ्यांच्या शेपट्या आहेत. जिनिंगनंतरही सरकीला बारीक लव चिकटून राहते; दाणा चिमटीत फिरवला की ती मखमलीसारखी लागते. त्या १०६ जणी तशा. सोलण्याची क्रिया एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसल्यामुळे सरकीच्या मताला जेवढं बळ आलं, तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने आलं असेल.

समूहाच्या बाहेर, एकटीच असलेली घट्ट दीर्घिका आढळली तर? तिला कोणी सोललं?

चांगली शंका. यूसीडींची मोठी भावंडं, म्हणजे घट्ट लंबवर्तुळाकार दीर्घिका, खरंच अशा एकट्या सापडल्या. इगोर चिलिंगारियन आणि इव्हान झोलोतुखिन यांनी २०१५ मध्ये अशा १९५ दीर्घिकांची यादी केली, त्यातल्या ११ एकट्या होत्या. त्यांचं म्हणणं, या आधी समूहात किंवा गटात सोलल्या गेल्या, आणि नंतर तिघींच्या ओढाताणीत एक गोफणीतल्या दगडासारखी बाहेर भिरकावली गेली. फिरणारे दोघे तिसऱ्याला जोर देऊन हाकलतात, हे गुरुत्वाकर्षणात नेहमीचं आहे.

या घट्ट दीर्घिकांत कृष्णद्रव्य असतं का?

सोललेल्यांत जवळपास नाही. वेष्टन पहिल्यांदाच गेलेलं असतं. पूर्वी काही यूसीडींचं वजन ताऱ्यांच्या हिशेबापेक्षा जास्त भरायचं तेव्हा कृष्णद्रव्याचा संशय घेतला जायचा. त्यातल्या सगळ्यात जड यूसीडींच्या बाबतीत ते जादा वजन कृष्णविवराचं निघालं.

आपली आकाशगंगाही असं सोलण्याचं काम करते का?

करते, आणि आत्ता करते आहे. धनु राशीच्या दिशेला एक बटू दीर्घिका आकाशगंगेत विरघळते आहे; ती १९९४ मध्ये ओळखली गेली. तिचे तारे आकाशभर लांब पट्ट्यांसारखे पसरलेत आणि तिच्या मध्यावर एम-५४ नावाचा दाट तारकागुच्छ आहे. आणखी काही काळाने तेवढाच उरेल.

ज्याचं सोलून झालंय तो बहुधा ओमेगा सेंटॉरी. नरतुरंग तारकासमूहात, सतरा-अठरा हजार प्रकाशवर्षांवर, सुमारे एक कोटी तारे. वर्षानुवर्षं त्याला गोलाकार तारकागुच्छच म्हटलं गेलं. पण त्याच्यात वेगवेगळ्या रसायनांच्या ताऱ्यांच्या अनेक पिढ्या आहेत, आणि साध्या तारकागुच्छात असं वैविध्य नसतं. २०२४ मध्ये हबल दुर्बिणीच्या वीस वर्षांतल्या पाचशेहून जास्त फोटोंची तुलना करून माक्सिमिलियान हेबर्ले आणि सहकाऱ्यांनी त्याच्या ऐन मध्यात सात तारे असे दाखवले, जे एरवी निसटून जावेत इतक्या वेगाने धावताहेत. त्यांना धरून ठेवायला किमान ८,२०० सूर्यांचं कृष्णविवर लागतं.

यूसीडीतल्या एखाद्या ग्रहावरून रात्रीचं आकाश कसं दिसेल?

आपल्याला अगदी काळ्या रात्रीही नुसत्या डोळ्यांनी चार-पाच हजारांच्या आत तारे दिसतात. एम-६०-यूसीडी-१ च्या मध्याजवळून किमान दहा लाख दिसतील. अंधार असा नसेलच.

खान्देशातून यातलं काय दिसतं?

यूसीडी स्वतः नाही. त्या घरगुती दुर्बिणीच्या आवाक्यात नाहीत. पण एम-६० दिसते. चार ते सहा इंची दुर्बिणीतून, काळ्या आकाशात, कापसाच्या पुसटशा बोळ्यासारखी. एम-३२ साठी कार्तिक-मार्गशीर्षात देवयानी दीर्घिकेला दुर्बीण लावा. तिच्या कडेला ताऱ्यासारखा पण किंचित फुगलेला ठिपका ती. २०१८ मध्ये रिचर्ड डिसूझा आणि एरिक बेल यांनी मांडलं की एम-३२ हा सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी देवयानीने गिळलेल्या एका मोठ्या दीर्घिकेचा उरलेला गाभा आहे.

ओमेगा सेंटॉरी मात्र बिनदुर्बिणीने दिसतो, आणि इथेच आपलं नशीब चांगलं आहे. युरोपातल्या बहुतेकांना तो क्षितिजावर येतच नाही. आपल्याकडे तो एकवीस-बावीस अंश वर चढतो. दक्षिण मोकळी हवी. पाटणादेवीला, जिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, तिथे गेलात तर आधी डोंगराच्या आडोशातून बाहेर या. चोपडा, यावलच्या बाजूला सातपुडा उत्तरेला आणि समोर तापीचं खोरं सपाट, त्यामुळे तिकडे सोपं जातं. फक्त गावाचे दिवे पाठीशी येतील अशी जागा बघा.

मे महिन्याच्या मध्यावर रात्री सव्वादहा-साडेदहाला चित्रा नक्षत्राचा तारा बरोबर दक्षिणेला येतो. हात ताठ करून वीत धरा. चित्रेपासून सरळ खाली पावणेदोन विती उतरा. क्षितिजाच्या वर साधारण एक वीत उरते तिथे एक तारा थोडा मळकट, पुसलेला दिसेल. साधी द्विनेत्री लावली की तो गोल, कापसाळ होतो. आजींना तो मी याच पद्धतीने दाखवला. त्यांनी बराच वेळ डोळा लावून ठेवला, आणि मग सरकीचा तो दाणा माझ्या हातातून परत घेऊन पदराच्या गाठीला बांधला.